सांगितलेली माहिती कोणाची?

औषधाच्या दुकानात आपण गोळ्यांची एक पट्टी मागावी आणि दुकानदाराने पैसे घेण्यापूर्वीच ‘मोबाईल नंबर सांगा’ म्हणावे, हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या वाट्यास आलेला असेल. नंबर कशासाठी हवा, असे विचारणारा ग्राहक विरळा. मागे माणसे खोळंबलेली असतात, दुकानदार घाईत असतो आणि दहा आकडे उच्चारण्यास काही खर्च येत नाही. आपण ते सांगतो आणि दुकानाची पायरी उतरताच विसरून जातो. दुकानातील यंत्र मात्र ते विसरत नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी कोणी अपरिचित इसम फोनवरून आपल्या प्रकृतीची विचारपूस करतो, तेव्हा याला आपला नंबर कोणी दिला असावा, असे नवल आपण करीत बसतो.

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो असा : आपण स्वतःविषयीची एखादी गोष्ट दुसऱ्यास सांगितली, की ती गोष्ट कोणाची होते? सांगणाऱ्याची राहते की ऐकणाऱ्याची होते? आपल्या देशात यासंबंधी २०२३ साली एक कायदा झाला. त्याचे नाव लांबलचक आहे : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम. हा विषय वकिलांचा, तेथे पुजाऱ्याच्या मुलाने लेखणी का उचलावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हांस थोडे लाजतच द्यावे लागत आहे. या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला आहे, आणि तो मंदिरातच घडला आहे.

आपल्या मंदिराची नोंदवही सभासदांनी पाहिलेली आहे. वार्षिक पूजा, अभिषेक, कोणाच्या स्मरणार्थ होणारी सेवा यांच्या नोंदी तीत असतात. यजमानाचे नाव, गोत्र, रास, तिथी, पत्ता आणि अलीकडे मोबाईल नंबर असे रकाने असतात. ही वही आमचे तीर्थरूप कपाटात ठेवीत आणि किल्ली कनवटीस. २०२५ च्या आषाढात आमच्या मनात आले, की सभासदांस उत्सवाचे निरोप फोनवर पाठविता आले तर किती सोयीचे होईल! आम्ही पाने उलटीत गेलो आणि मोबाईलवर त्यांची छायाचित्रे घेतली. चार रात्री बसून सर्व नावे एका यादीत उतरविली. पुढे निरोप पाठविण्याचे काम एका परिचित गृहस्थांनी स्वतःहून अंगावर घेतले. ‘मी फुकट पाठवून देतो, देवाचे काम आहे,’ असे ते म्हणाले. आम्ही यादी त्यांच्या स्वाधीन केली. यात आम्हांस एक पैसाही मिळाला नाही, व आमच्या मनात वावगे असे काहीच नव्हते.

निरोप गेले, उत्सवास गर्दीही बरी झाली. पुढे श्रावणात एक वृद्ध भगिनी मंदिरात आल्या. पतीच्या स्मरणार्थ त्या दर वर्षी एक पूजा करवितात. त्यांची तिथी येथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. पूजा झाली, तीर्थप्रसाद झाला, परंतु त्या उठेनात. मग त्यांनी सांगितले, की सकाळी आठ वाजता एका इसमाचा फोन आला होता. त्याने नावाने हाक मारली, ‘आज आपल्या यजमानांची तिथी ना?’ असे विचारले, दोन शब्द सांत्वनाचे बोलला, आणि मग एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी एक ठेवीची योजना आहे, ती समजावून सांगू लागला. काकू म्हणाल्या, ‘अरे, माझ्या धाकट्या लेकाला ही तिथी आठवत नाही. त्या परक्या माणसाला कशी आठवली?’

त्यांनी आमच्यावर संशय घेतला नव्हता. त्या केवळ घाबरल्या होत्या. कोणी तरी आपल्या घरावर नजर ठेवून आहे असे त्यांना वाटत होते. आम्ही त्या गृहस्थांस गाठले. त्यांनी काहीच लपविले नाही; उलट आमच्या विचारण्याचेच त्यांस आश्चर्य वाटले. ‘यादी तुम्हीच तर दिली होती,’ ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ती यादी त्यांची झाली होती.

घरी येऊन आम्ही सर्व हकीकत तीर्थरूपांस सांगितली. ते रागावतील अशी आमची कल्पना होती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, ‘वही आपली आहे रे, पण वहीतले आपले नाही. तो निक्षेप आहे.’

निक्षेप म्हणजे ठेव. व्यवहाराची, म्हणजे तंट्याबखेड्याची जी अठरा पदे मनुस्मृतीत सांगितली आहेत, त्यांत ऋणादानानंतर दुसरे पद निक्षेपाचे आहे, आणि तिसरे अस्वामिविक्रयाचे. म्हणजे जो मालक नाही त्याने केलेल्या विक्रीचे. ही दोन पदे एकमेकांशेजारी यावीत याचे आम्हांस त्या दिवसापासून मोठे कौतुक वाटत आले आहे. ठेव आणि परक्याच्या वस्तूची विक्री यांत अंतर फार थोडे आहे. ठेव ज्याच्या हाती आहे त्याला ती आपलीच वाटू लागली, की दुसऱ्या पदातून तिसऱ्या पदात पाऊल पडलेच.

याज्ञवल्क्य स्मृतीत व तिच्यावरील मिताक्षरेत हा विचार आणखी बारकाईने केलेला आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर आपल्यापासून फार दूरचे नव्हेत. चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने त्यांनी तो ग्रंथ रचला. त्यात दोन प्रकारच्या ठेवी सांगितल्या आहेत. मोजून, दाखवून दिलेला तो निक्षेप. आणि पेटीत घालून, मोहोर करून, आत काय आहे हे न सांगता दिलेला तो उपनिधी. ठेवीदाराने काय करू नये याचेही नियम आहेत. ठेव राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी लुटली, तर ठेवणाऱ्यास भरपाई मागता येत नाही. मात्र ठेव हाती असलेल्याने मालकाच्या अनुज्ञेवाचून आपल्या इच्छेने तिच्यावर उपजीविका केली, तर त्याला दंड आहे; आणि दंडावर भागत नाही, ठेव व तिच्यावर झालेला लाभ असे दोन्ही मालकास परत द्यावे लागते.

सोन्याची पाटली आणि श्राद्धाची तिथी यांत भेद आहे, हे आम्ही जाणतो. पाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे पहिल्याच्या हातून जाते. माहिती तशी जात नाही. काकूंची तिथी त्या इसमास कळली म्हणून ती काकूंस ठाऊक नाहीशी झाली असे नव्हे. मग त्यांचे काय हरपले? येथेच बहुतेक जण फसतात व म्हणतात, की काहीच हरपले नाही. आम्हीही प्रथम स्वतःचे तसेच समाधान करून पाहिले. परंतु हरपले होते हे काकूंच्या मुद्रेवर दिसत होते. पतीचा मृत्युदिन ज्यांच्याशी बोलावयाचा ते लोक त्यांनी स्वतः निवडलेले होते. ती निवड त्यांच्या हातून गेली. पाटली परत देता येते, ही परत देता येत नाही. म्हणून माहितीची ठेव सोन्याच्या ठेवीहून अधिक जोखमीची समजली पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेत ‘खासगीपणाचा हक्क’ असे शब्द कोठेही नाहीत, व प्रदीर्घ काळ तो हक्क नाहीच असे समजले जात होते. १९६२ साली खरक सिंग नावाच्या इसमाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. उत्तर प्रदेशात एका दरोड्याच्या प्रकरणात त्याला पकडले होते व पुराव्याअभावी सोडले होते. तरी पोलिसांनी त्याच्या नावे निगराणीची नोंद उघडली. रात्री-अपरात्री शिपाई येत, दार ठोठावीत आणि झोपलेल्यास उठवून घरी असल्याची खात्री करून घेत. न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरविल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे म्हणण्यास बहुमत तयार झाले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हा वेगळे मत नोंदविले होते. पुढे पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने तो हक्क मान्य केला. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करणाऱ्या एकविसाव्या अनुच्छेदात तो अंतर्भूत आहे असे सांगितले. हा खटला चालविणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. ऐंशी वर्षे उलटल्यावर त्यांनी हा अर्ज केला होता. नातवंडांस खेळवावयाच्या वयात त्यांनी असा वाद अंगावर घेतला, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

त्या निर्णयानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीचा अहवाल २०१८ साली आला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यांतही सर्व कलमे एकदम लागू झाली नाहीत. देखरेख करणाऱ्या मंडळाची कलमे लगेच लागू झाली. सामान्य माणसाच्या उपयोगाची मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हावीत असे राजपत्रात ठरविले गेले. यावरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की आम्ही यादी दिली त्या श्रावणात हा कायदा आम्हांस स्पर्शही करीत नव्हता. आम्ही दंडास पात्र नव्हतो. ही गोष्ट आम्ही तीर्थरूपांस मोठ्या आशेने सांगितली होती. त्यांनी ती ऐकली न ऐकली असे केले.

कायदा करणाऱ्यांनी एक शब्द मात्र फार चांगला योजला आहे. आपली माहिती जो गोळा करतो, त्या दुकानदारास, पेढीस, बँकेस किंवा संस्थेस या कायद्यात मालक म्हटलेले नाही. त्याच्यासाठी जो शब्द योजला आहे त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो, आणि ज्याची माहिती आहे तो मूळ धनी. आमच्या तीर्थरूपांनी जे एका शब्दात सांगितले तेच हे. आणखी एक गंमत अशी, की इंग्रजी पाठात या मूळ धन्याचा उल्लेख सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनामाने केला असून त्यात पुरुषही आले असे समजावे, असे सांगितले आहे. आम्ही ते वाचीत असताना आमच्या डोळ्यांपुढे काकूच उभ्या राहिल्या.

संमतीविषयी कायद्याचे म्हणणे असे आहे. ती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी हे समजून दिलेली हवी, आणि त्या कामास जेवढी माहिती अवश्य तेवढ्यापुरतीच ती धरावयाची. कायद्यातच उदाहरण दिले आहे. घरबसल्या वैद्याचा सल्ला देणारे एक अॅप एका बाईने घेतले. त्याने उपचारासाठी माहिती मागितली आणि त्याच दमात तिच्या फोनमधील सर्व परिचितांची यादीही मागितली. तिने दोहोंस होकार दिला. तरीही दुसरा होकार होकार मानला जाणार नाही, कारण नाडीपरीक्षेस शेजाऱ्यांचे नंबर लागत नाहीत. औषधाच्या दुकानाचेही उदाहरण आहे. पैसे पोचल्याची पावती फोनवर पाठवा म्हणून आपण नंबर दिला, तर दुकानाने तो पावतीपुरता वापरावा. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने तर २०२३ च्या मे महिन्यातच दुकानदारांस सूचना केली होती, की नंबर दिल्याखेरीज माल देणार नाही असा आग्रह धरू नये. दिलेली संमती परत घेता येते. आणि ती देणे जितके सोपे होते तितकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे.

आमच्या या सीमाभागातील मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक तरतूद आहे. संमती मागताना जी सूचना द्यावयाची, ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसास मिळाली पाहिजे. मराठी त्या परिशिष्टात आहे. कोंकणी आहे, कानडीही आहे. ज्या कागदावर आपण सही करतो तो कागद आपल्याला वाचता यावा, यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी किती खेटे घातले आहेत ते आम्ही येथे सांगत बसत नाही. येथे निदान एका बाबतीत तो हक्क, न मागता, छापून आला आहे. तो प्रत्यक्षात कितपत मिळतो हे मागणारे किती निघतात यावर अवलंबून राहील.

या विषयावर बोलू लागले, की दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा : आपल्याकडे खासगीपणा होता कधी? गल्लीत कोणाच्या घरी आज काय शिजले, कोणाच्या मुलीस पाहावयास कोण आले होते, कोणाचा मुलगा परीक्षेत घसरला, हे सर्वांस ठाऊक असे. त्र्यंबकेश्वरी अथवा काशीस जावे, तेथील तीर्थोपाध्याय आपल्या सात पिढ्यांची नावे वाचून दाखवितात. त्याचा आपल्याला अभिमानच वाटतो. मग एका फोनने एवढे काय बिघडले?

आक्षेप खोटा नाही, आणि म्हणून त्याचे उत्तर मन लावून दिले पाहिजे. गल्लीतील जाण परस्परांची असते. शेजारणीला आपल्या घरातले ठाऊक, तसे आपल्याला तिच्या घरातले ठाऊक. तिने मर्यादा सोडली तर आपण तिला विचारू शकतो, चारचौघे तिला बोल लावू शकतात. शिवाय ज्याला आपले दुःख ठाऊक असते तो त्या दुःखात धावून येतो. काकूंचे यजमान गेले त्या रात्री गल्लीतील एकही चूल पेटली नव्हती. तीर्थोपाध्यायाच्या वहीतही आपण स्वतः नाव लिहवितो, व ती वही उघडते ती आपण त्याच्या ओसरीवर जाऊन बसल्यावर. फोनवरच्या इसमास काकू ठाऊक होत्या, काकूंस तो ठाऊक नव्हता. त्याचे नाव खरे की खोटे, तो कोठून बोलत होता, त्याच्याजवळ आणखी काय काय लिहिलेले होते, यांतले काहीच त्यांस कळण्याचा मार्ग नव्हता. एकाने पाहावे आणि दुसऱ्याने केवळ पाहिले जावे, याला शेजार म्हणत नाहीत. कोणी म्हणेल की गल्लीची जाणही कित्येकांस जाचक झाली आहे. विधवांस, प्रेमविवाह करणाऱ्यांस, गरिबांस. तेही खरे आहे. जुने सर्व गोड होते असे आमचे म्हणणे नाही.

दुसरा आक्षेप असा, की ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही त्याने भ्यावे कशाला? याचे उत्तर आम्ही काकूंवरच सोपवितो. पतीची तिथी लपविण्यासारखी गोष्ट आहे काय? ती त्यांनी कोणापासून लपविली नव्हती. ती त्यांनी देवापुढे संकल्पात उच्चारली होती. न लपविणे म्हणजे बाजारात मांडणे नव्हे.

संमतीच्या बाबतीत एका गोष्टीने आमचे मन अद्याप अस्वस्थ आहे. आपल्या फोनमध्ये शेकडो माणसांचे नंबर असतात. मावशीचा, मामांचा, शाळेतील गुरुजींचा. एखादे अॅप ‘ही यादी पाहू का?’ असे विचारते आणि आपण बोट टेकवितो. त्या क्षणी आपण कोणाची संमती देतो? मावशीला आपण विचारले आहे काय? हातउसने पैसे तत्काळ देऊ करणाऱ्या काही अॅपांनी याच वाटेने किती अनर्थ केले हे वृत्तपत्रांतून वाचकांनी वाचले असेल. हप्ता चुकला, की ऋणकोच्या सर्व नातलगांस फोन करून त्याची अब्रू घेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम करून अशा कर्ज देणाऱ्या अॅपांस फोनमधील नावांची यादी, छायाचित्रे व बोलण्याच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. ते ठीक झाले. परंतु ज्याने बोट टेकविले त्याच्या दोषाचे काय? कायदा त्याला काही म्हणत नाही, कारण माणसाने घरगुती वा स्वतःच्या कामासाठी ठेवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कायद्याने प्रत्येकाच्या घरात शिरू नये हे योग्यच. म्हणूनच मावशीच्या नंबराची राखण आपल्याच शहाणपणावर सोपविलेली आहे, आणि ते शहाणपण आमच्याजवळ नव्हते.

कायद्यात उणिवाही आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ठेव सुरक्षित राखण्यास वाजवी उपाय न योजणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्मृतिकारांनी चोरीस गेलेल्या ठेवीचा दोष ठेवीदारास दिला नाही. नव्या कायद्याने दार उघडे टाकणाऱ्यास चोरीचाही जाब विचारला आहे, आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळविण्याचे बंधन घातले आहे. येथे आजचा कायदा स्मृतीच्या पुढे गेला, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु तो दंड जातो कोठे? तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती विकली गेली त्याला त्यातून एक कवडीही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या जुन्या कायद्यात, नाजूक स्वरूपाची माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याचे एक कलम होते. नव्या कायद्याची मुख्य कलमे लागू होताच ते रद्द व्हावयाचे, अशी योजना आहे. याज्ञवल्क्यांनी लाभासह परत द्यावयास सांगितले होते. येथे मात्र आजचा कायदा मागे पडला आहे असे आम्हांस नम्रपणे वाटते.

तक्रारीचा मार्गही सरळ नाही. आधी ज्याने माहिती घेतली त्याच्याकडेच दाद मागावयाची, आणि ती न मिळाल्यास मंडळाकडे जावयाचे. पोकळ तक्रार केल्यास तक्रारदारासच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या पेढ्यांच्या दंडापुढे ही रक्कम नगण्य आहे. काकूंच्या निवृत्तिवेतनापुढे नाही. सरकारच्या ज्या खात्यांस केंद्र सरकार अधिसूचनेने वगळील त्यांस राज्याची सुरक्षितता वगैरे कारणांसाठी हा कायदा लागूच होणार नाही. खरक सिंगाचे दार ठोठावणारा शिपाई दुकानदार नव्हता, हे येथे स्मरावे.

आणखी एक गोष्ट. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात खासगी माहिती देण्यास मनाई होती, पण व्यापक सार्वजनिक हितासाठी ती देता येईल, आणि जी विधिमंडळास नाकारता येत नाही ती कोणाही नागरिकास नाकारू नये, अशी वाट त्या कलमातच ठेवलेली होती. नव्या कायद्याने ती वाट त्या कलमातून काढून टाकली, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच अमलात आला. सार्वजनिक हितासाठी माहिती देता येईल असे दुसरे एक सर्वसाधारण पोटकलम शिल्लक आहे. परंतु नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचे काम सोपे झाले यात शंका नाही. रेशनच्या याद्यांतील खोटी नावे हुडकणाऱ्यास उद्या ‘ही खासगी माहिती आहे’ असे उत्तर मिळाले, तर ज्या शब्दाने काकूंचे रक्षण व्हावयाचे तोच शब्द लबाडाची ढाल होईल. ठेवीचा न्याय येथेही लावून पाहावा. काकूंची तिथी ही त्यांची ठेव. सरकारी धान्य कोणास दिले हा हिशेब जनतेची ठेव.

आता पुन्हा आपल्या वहीकडे. कायदा ज्या माहितीस लागू आहे ती यंत्रात असलेली, किंवा कागदावरून यंत्रात उतरविलेली. कपाटातील वही जोवर कपाटात आहे तोवर तिला हा कायदा नाही. म्हणजे तीर्थरूपांनी तीस वर्षे जे सांभाळले त्याला कायदा नव्हता, आणि आम्ही मोबाईलने पहिले छायाचित्र घेतले त्या घडीला ते कायद्याच्या हद्दीत यावयास सिद्ध झाले. वकील मंडळींस या भेदाचे महत्त्व असेल. वहीची किल्ली कनवटीस लावताना तीर्थरूपांच्या मनात हा भेद कधी आला नसावा. वकिलास आपल्या अशिलाचे गुपित राखण्याचे संरक्षण पुराव्याच्या कायद्याने दिले आहे. पुरोहितास तसे कोणतेही कलम नाही. तरीही पत्रिकेत काय निघाले, कोणत्या घरी कशासाठी शांत केली, कोणाचे लग्न कशामुळे मोडले, हे आम्ही त्यांच्या तोंडून घरातही कधी ऐकले नाही. आम्ही लहानपणी विचारीत असू, आणि ते पंचांग उघडीत.

आम्ही आमच्या फोनमधील यादी पुसून टाकली. त्या गृहस्थांनीही पुसली असे ते सांगतात. त्यांनी ती पुढे कोणास दिली होती काय, या प्रश्नास त्यांनी दिलेले उत्तर आमच्या मनाचे समाधान करणारे नव्हते, आणि पडताळून पाहण्याचे साधन आमच्यापाशी नाही. कार्यकारी मंडळापुढे आम्ही सर्व हकीकत ठेवली. मंडळाने असे ठरविले, की पावतीवरील मोबाईल नंबराचा रकाना ज्याने त्याने इच्छेनुसार भरावा. उत्सवाचे निरोप हवे असतील त्यांनी तसे वेगळे लिहून द्यावे. आणि यादी मंदिराबाहेर कोणाकडेही, देवाच्या कामासाठी म्हटले तरी, जाऊ नये. वेगळे लिहून देणारे पुष्कळ निघाले. काहींनी ‘एवढा बाऊ कशाला?’ असेही म्हटले.

काकूंच्या घरी आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. अपराध आमचा आहे हे सांगितले. त्या काही वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी चहाचे आधण ठेवले. त्या विषयावर त्यांनी पुन्हा एक शब्दही काढला नाही, आणि त्यांनी क्षमा केली की नाही हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. पुढच्या सेवेची दक्षिणा त्यांनी मार्गशीर्षात आगाऊ आणून दिली. आम्ही वही उघडली. नाव, गोत्र, तिथी त्यांनी सावकाश सांगितले, आम्ही लिहिले. शेवटच्या रकान्याशी आमची लेखणी थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तो राहू दे. काही निरोप असला तर घरी येऊन सांग.’